बुजवलेल्या खिडक्या आणि मॅडम

“दारात उभी राहून वाच.”

मॅडमनी असं म्हटलं की आर्किटेक्चरच्या पोरापोरींचे चेहरे उतरायचे. दार म्हणजे वर्गाचं नाही. ज्या घरावर लेख लिहिला त्या घराचं. तिथं उभं राहायचं, घरच्यांना लेख मोठ्यानं वाचून दाखवायचा, आणि त्यांनी हो म्हटलं तरच तो पेपरला द्यायचा.

तुम्हीही असे अभ्यासक पाहिले असतील. वस्त्यांवर जाडजूड प्रबंध लिहितात आणि वस्तीतल्या एका माणसाला त्याचा पत्ता नसतो. मला त्याचा संताप यायचा, अजून येतो. मॅडम आमच्या शहरातल्या एका कॉलेजात तासांवर शिकवायच्या. उरलेल्या वेळात संशोधन करणाऱ्या आपल्या विद्यार्थ्यांकडून रविवारच्या पुरवणीसाठी लिहून घ्यायच्या: घरात उजेड कुठून येतो, हवा कुठं अडते, माणसं आजारी का पडतात. मी आर्किटेक्ट नाही, चळवळीची पत्रकं लिहिणारा. भाषा सोपी करायला त्यांनी मला बोलावलं आणि पहिल्याच दिवशी माझ्या पानावरची सगळी उद्गारचिन्हं खोडली.

“ओरडू नका कार्यकर्ते. भिंत कुठं आहे ते सांगा. ओरडायचं ते वाचणारा ओरडेल.”

तेव्हापासून मी त्यांच्या तोंडी ‘कार्यकर्ते’च राहिलो.

वाळूजच्या कारखान्यांजवळच्या वस्तीवर लिहिलेल्या एका लेखाचं सांगतो. प्रणिता नावाची त्यांची एक विद्यार्थिनी कामगारांच्या भाड्याच्या खोल्यांवर संशोधन करत होती. कंपन्यांना जमीन विकून आलेल्या पैशात एका मालकानं खोल्यांची लांब ओळ बांधली होती. मागं त्यानं स्वतःचा बंगला बांधला. मग भाडेकरूंची नजर आपल्या अंगणात पडते म्हणून ओळीतल्या सगळ्या मागच्या खिडक्या विटा लावून बुजवून टाकल्या. अंगणाची अब्रू राखली, खोल्यांचा श्वास बंद केला. हे माझं वाक्य. मॅडमनी तेही खोडलं.

त्या ओळीत कविताताई राहायच्या. नवरा कंपनीत शिफ्टला, धाकटी पोरगी दम्याची. पोरगी रात्रभर भिंतीला टेकून बसायची, आडवी झाली की छाती घरघरायची. डॉक्टरांनी सांगितलं होतं, हवेशीर ठिकाणी ठेवा. कंपनीजवळ त्या भाड्यात हवेशीर ठिकाण कुठून आणायचं, ते डॉक्टरांनी सांगितलं नव्हतं.

प्रणिता त्यांच्या दारात उभी राहिली आणि तिनं वाचायला सुरुवात केली: “सदर निवासी रचनेत नैसर्गिक वायुवीजनाचा अभाव आढळून येतो.” कविताताई भाकरी थापता थापता थांबल्या. “कुणाच्या घराचं हाय ह्ये?” त्यांनी विचारलं. शेजारच्या बाया हसल्या. प्रणिता लाल झाली. मॅडम एवढंच म्हणाल्या, “पुन्हा लिही.”

तिनं तीनदा लिहिलं. शेवटचं ऐकून कविताताईंनी डोळ्याला पदर लावला आणि मग एकच अट घातली. नाव टाकायचं नाही, मालकाला कळलं तर तो खोली खाली करायला लावेल. मी म्हटलं, नावाशिवाय लेखाला धार येणार नाही. मॅडमनी माझ्याकडे असं पाहिलं की मी पुढचं गिळलं. नाव गेलं, ओळीचं ठिकाणही गेलं.

राहिला तो नकाशा. प्रणितानं खोलीचा नकाशा फार देखणा काढला होता. दार, बुजवलेली खिडकी, पोरीची खाट, कडप्प्याचा ओटा. मॅडमनी तो कौतुकानं पाहिला आणि पाठवून दिला. लेखातला शब्द न् शब्द चाळणीतून काढणाऱ्या बाईंनी चित्र मात्र तसंच जाऊ दिलं. चित्रात माणूस ओळखू येतो हे आर्किटेक्टच्या डोक्यातच येत नाही.

ओळीत सगळ्यांचे ओटे उजव्या हाताला होते. धूर पोरीच्या खाटेकडं जाऊ नये म्हणून कविताताईंच्या नवऱ्यानं आपला ओटा डावीकडं दाराजवळ हलवला होता. नकाशात तो डावीकडंच होता.

मालकानं रविवारी पेपर उघडला आणि ओट्यावर बोट ठेवलं. ज्यानं आयुष्यभर जमिनीच्या मोजणीवरून भांडणं केली, त्याला नकाशा कळत नाही असं फक्त कॉलेजात वाटतं. महिनाअखेर खोली खाली करा, असं तो दारात येऊन सांगून गेला. यांना खोली देऊ नका, असं आसपासच्या मालकांनाही सांगणार होता म्हणे.

कविताताईंचा फोन आला तेव्हा मी मॅडमसमोर बसलो होतो. ताई रागावल्या नव्हत्या. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. “मॅडम, तुमी तर नाव टाकलं नव्हतं ना?”

“नाव नव्हतं टाकलं ताई,” मॅडम म्हणाल्या. “घरच टाकलं.”

मी मोर्चाची भाषा सुरू केली. मालकाच्या बंगल्यावर जाऊ, गेटसमोर बसू. मॅडमनी मला मध्येच तोडलं. “मोर्चा संपला की तुम्ही घरी जाल, कार्यकर्ते. ती कुठं जाईल?”

त्यांचं म्हणणं साधं होतं. एकच खोली छापली म्हणून एकच घर सापडलं. सगळी ओळ छापली तर मालक कुणाकुणाला काढेल? पण त्यासाठी दारोदार जाऊन हो म्हणवून घ्यायचं होतं. पहिल्या दोन दारांनी तोंडावर नाय म्हटलं. तिसऱ्या दारातला माणूस रात्रपाळी करून नुकताच उठला होता. त्यानं आपल्या मागच्या भिंतीवर हात ठेवला. मग म्हणाला, “भिंत तर आमची बी तीच हाय. काढा नकाशा. नाव बी टाका.”

त्यानंतर पुढची दारं हो म्हणत गेली, नाय म्हणालेल्यांतलं एक दारही परत उघडलं.

पेपरवाले या वेळी बिचकले. म्हणून माझं पत्रक. अख्ख्या ओळीचा नकाशा, खाली हो म्हणालेल्यांची नावं. छापण्याआधी मॅडमनी ते बोळात उभं राहून स्वतः वाचलं. अर्ध्यात मालक आला आणि हाताची घडी घालून समोर उभा राहिला. मॅडम पुढचं वाचत राहिल्या. एकेक नाव आलं की आतून कुणीतरी “व्हय” म्हणायचं. कविताताईंचं नाव शेवटी होतं. त्यांचा “व्हय” यायला वेळ लागला, पण आला.

मालक निघून गेला, आणि महिना संपला तरी खोली खाली करायचं त्यानं पुन्हा काढलं नाही. कॉलेजातून मात्र निरोप आला: पुढच्या सत्रात मॅडमना तास नाहीत. का, ते कुणी सांगितलं नाही आणि त्यांनी विचारलं नाही. मी पत्रक काढतो म्हटलं तर म्हणाल्या, त्यापेक्षा प्रणिताचा पुढचा लेख बघा. त्या नांदेडला भावाकडं गेल्या.

त्यानंतर मालकानं गवंडी आणला. कविताताईंच्या खोलीची मागची खिडकी फोडून उघडी केली, गज बसवले, आणि दुसऱ्या दिवशी ओळखीच्या एका वार्ताहराला बोलावून दाखवली. “बघा सायेब, खिडकी हाय. लेख खोटा हाय.”

शेजारचा रात्रपाळीवाला दारातून म्हणाला, “मालक, आमचा बी खोटा करा की.”

सगळा बोळ हसला. मालकाला हसू आलं नाही. बाकीच्या खिडक्या अजून विटांतच आहेत, हे मी इथं मुद्दाम लिहितो.

मी बोळातूनच मॅडमना फोन लावला आणि सगळं रंगवून सांगितलं. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, “रात्री पोरगी झोपली का?”

मी कविताताईंना विचारलं. त्या धुणं पिळत होत्या. तक्रार करावी तशा त्या म्हणाल्या, “आज शाळा बुडाली तिची. रातभर आडवी झोपली, लई हलवलं, उठंचना.”

मी ते तसंच्या तसं फोनवर सांगितलं. “झोपू द्या तिला,” मॅडम म्हणाल्या. मग मॅडमनी फोन ठेवून दिला.