कुरामोचींचं एकट्याचं जेवण

जपानमधल्या ताकामात्सु शहरातल्या आमच्या गल्लीत माझ्या लाँड्रीला लागून इवाओ कुरामोचींचं सलून होतं. सकाळपासून गिऱ्हाइकांशी त्यांची टकळी चालायची. दुपारी मात्र ते फुमिएबाईंच्या उदोनच्या दुकानात जात, भिंतीकडे तोंड करून बसत आणि वाडग्यातल्या जाड शेवया सुर्रकन ओढत एकटेच जेवत. बायको होती तेव्हाही हेच. "कानांना जरा सुट्टी देतो," म्हणायचे.

एकदा त्या दुकानात लंडनहून टीव्हीवाले आले. त्यांचा निवेदक उंच, हसरा. वाडग्यापुढे हात जोडून, डोळे मिटून इतका वेळ बसला, की फुमिएबाई म्हणाल्या, "अहो, कुणी वारलंय का? खा की, गार होतंय!" दुभाषी मुलीने ते त्याला सांगितलंच नाही. मग तो भिंतीकडे तोंड करून जेवणाऱ्या कुरामोचींच्या मागे वाकून कॅमेऱ्याशी काहीतरी कुजबुजला. कुरामोचींनी वळून हसून मान लववली.

वसंतात तो कार्यक्रम आमच्याकडेही दाखवला. पडद्यावर कुरामोचींची पाठ, मागे हळवा पियानो, खाली अक्षरं : 'या देशात अशी हजारो माणसं जेवतात. बोलायला कुणी नसतं.' त्यांचं हसणं कापलं होतं.

साप्पोरोहून त्यांची मुलगी फोनवर रडली. "बाबा, मला का नाही सांगितलंत?"

"काय सांगू? जेवत होतो गं मी!"

फुमिएबाई त्यांच्यापुढे न मागता तळलेली कोळंबी ठेवू लागल्या. कुणी ना कुणी मुद्दाम शेजारी येऊन बसे. सलूनमध्येही गिऱ्हाइकं दबक्या आवाजात बोलू लागली, चेष्टामस्करी बंद झाली. कुरामोचींनी फुमिएबाईंकडे जाणं सोडलं.

एका दुपारी धुतलेले टॉवेल द्यायला मी त्यांच्या मागच्या दाराने गेलो. ओट्याशी उभ्यानेच ते गार भात खात होते.

"अहो, बसून तरी खा."

"बसलो की तीच पाठ दिसते," ते म्हणाले. "माझीच. इतकी वर्षं कधी पाहिली नव्हती. खरंच बिचारी दिसते हो."

"माझ्याकडे येत जा जेवायला," मी म्हणालो. ते नुसते हसले. सगळ्यांसारखंच बोललो होतो मी.

पुढच्या हिवाळ्यात सलून बंद करून ते मुलीकडे गेले. अधूनमधून फोन येतो. तिथे नातवंडांबरोबर गलक्यात जेवतो, म्हणतात. "छान," मी म्हणतो. मग ते बराच वेळ काही बोलत नाहीत. मीही फोन ठेवत नाही.