फोटोत न आलेली कास

डीएसएलआर कॅमेरा घेतला तेव्हा पहिला आठवडा मी जळोचीतल्या घराबाहेर पडलोच नाही. मिक्सरचे चारशे फोटो काढले. एकात तो इतका देखणा आला की बायकोनं चार दिवस त्यात चटणी वाटली नाही. समोरचं लख्ख आणि मागचं धूसर, ही विद्या मला साधली होती. भिंगाचं छिद्र पुरतं उघडायचं, जवळ जायचं, की मागची भांडी, फळी, सासरे, सगळं धुक्यात.

आठवडा संपला त्या रविवारी वरकुट्याहून चुलत्यांचा, म्हणजे तात्यांचा फोन आला. गुडघे गेल्यामुळं त्यांना धारा काढणं जमेना. दुसऱ्या वेताची गाय चांगल्या घरी द्यायची होती. जनावरांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकायला फोटो पाहिजे होता.

मी कॅमेरा घेऊन वरकुट्याला गेलो आणि गाईच्या तोंडासमोर मांडी घातली. निवडलेल्या फोटोत तिच्या पापण्या मोजून घ्याव्यात, नाकावरच्या थेंबात गोठ्याचं दार दिसावं. मानेपासून मात्र गाय विरत गेली होती आणि शेपटीकडं नुसता ढग होता. तात्यांचा चष्मा घरात राहिलेला. त्यांनी लांबूनच "झ्याक" म्हटलं, आणि मी फोटो त्यांच्या नावानिशी टाकला.

पाच मिनिटांत ग्रुप पेटला.

"तोंडातनं दूध देती व्हय?"

"कास का लपवली?"

"एक सड बाद असंल."

तात्यांनी उभी हयात जनावरांच्या बाजारात घालवली. खोड सांगितल्याशिवाय ते गिऱ्हाइकाला गाईजवळ फिरकू देत नसत. एकदा तर खोड सापडेना म्हणून त्यांनी सौदा तीन दिवस लांबवला होता. त्यांनी मोबाईल पालथा ठेवला.

"लपवली म्हंत्यात. खाली नाव माझं हाय न्हवं?"

"तात्या, मागचं धूसर दिसतं त्याला डेप्थ म्हणतात."

"त्याला कास म्हंत्यात."

मी दुसरा फोटो काढतो म्हणालो.

"आता दावली तर म्हणतील दुसऱ्या गाईची हाय. ऱ्हाऊ दे."

मी कॅमेरा पिशवीत घातला आणि पिशवी पलंगाखाली सरकवली.

दुसऱ्या दिवशी दुपारी इंदापूरचे एक दूधवाले चाचा कपड्यांची पिशवी घेऊन दारात हजर. "दोन येळंचं दूध काढून बघतो, तात्या. मगच बोलू."

"बघा की. आमी कुठं न्हाय म्हंतोय," तात्या म्हणाले. असं बघायची रीतच आहे, पण आवाज जरा बसला होता.

चाचांनी आधी गाईला फेरी मारून हात लावला, मागचा भाग जागेवर असल्याची खात्री केली आणि माझ्याकडं एकदा पाहिलं. संध्याकाळी बादली भरली. सकाळी इतका फेस आला की चाचांची टोपी त्यात पडली आणि शोधायला दोन माणसं लागली. तात्या खांबाला टेकून उभे होते.

चाचांनी हात पुसले, तडा गेलेला आपला मोबाईल काढला, वाकून कासेचा फोटो घेतला आणि एका बोटानं सावकाश टाईप करून ग्रुपवर पाठवलं. तात्यांनी आपला मोबाईल माझ्यापुढं धरला.

"वाच."

"'कास हाय. चारी सड चालू हायत. दोन येळंला सोता धार काढली. तात्यांनी काय लपवलेलं न्हाय.'"

"परत वाच. जरा मोठ्यानं."

मी शेजारच्या वस्तीवर ऐकू जाईल असं वाचलं. मग तात्यांनी गाईचं दावं सोडलं आणि चाचांच्या हातात दिलं.