कडी लागणारं दार

आमच्या अवसरी खुर्दात इंजिनेरिंग कॉलेज आलं अन् खोल्यांना सोन्याचा भाव आला. ज्याच्या त्याच्या माडीवर कॉलेजची पोरं. खुरपायला जाणाऱ्या बाईला खोली कोण देणार, कपाळ! साळुबाई त्यातलीच. मूळची आहुप्याची. डोंगरातलं भाताचं खाचर पोटाला पुरंना म्हणून नवऱ्यासंगं खाली मजुरीला आली. नवरा गेला, मागनं लेक गेली, लेकीची पोर हर्षाली तेवढी राह्यली. दोघी गावठाणाच्या कडंला कुडाच्या खोपटात ऱ्हायच्या. तिन्ही अंगांनी ऊस, अन् आमच्याकडं ऊस म्हणलं की बिबट्या आलाच. खोपटाला दार न्हाई. एक पत्रा आडवा लावायचा अन् त्याला दगड टेकवायचा.

माझ्या गिरणीवर नाचणी दळायला आली की तिचं एकच गाणं. "प्रतिभाताई, मला माडी नको. आतून कडी लागंल असं एक दार पायजे. पोरीला आत घेऊन कडी लावीन अन् मेल्यावानी झोपंन." तिच्या शेजारच्या लंकाबाईला मागच्या खेपंला घरकुल मिळालं. तवापासनं ती सुनेला अन् नातवाला घरात ठिवून खुशाल कामाला जाती. साळुबाई ते बघत ऱ्हायची.

अन् मग घरकुलाचा सर्व्हे लागला. जागा तिच्या नावावर व्हती, कागद मीच जुळवून दिलं व्हतं. ग्रामसेवक म्हणला, उद्या साहेब येऊन घराचा फोटो काढत्याल. झालं! हितंच घोळ झाला. आमची बया डोंगरातली. पाव्हणा दारात यायच्या आधी घर सारवलं न्हाई, तर तिला घास गोड लागत नाय. पहाटं उठून तिनं अंगण सारवलं, भिंतींना पांढरी माती फासली, खाली गेरूचा पट्टा वढला, पुढं रांगोळी काढली. गिरणी बंद करून मी पोचस्तवर सारं उरकलं व्हतं.

"अगं ए बये, हे काय करून बसलीस? पडकं घर दाखवायचं व्हतं!"

"मग काय घाणीत उभं करू त्यास्नी?" उलट मलाच डाफरली.

साहेब आलं. घाईत व्हतं, रस्त्यावरनंच फोटो काढला. चहा पिलं अन् म्हणलं, "मावशी, घर लई छान ठिवलंय." साळुबाई लाजून पदराआड हासली.

यादी लागली तर हिचं नाव नाय. का, तर भिंती पक्क्या! माझं टाळकंच फिरलं. ग्रामसेवकाला हाताला धरून खोपटाशी नेला अन् म्हणलं, घाल बोट भिंतीत. बोट आरपार गेलं. गडी तसा वाईट न्हाई. खाली मान घालून म्हणला, "काकू, मला दिसतंय. पण फोटो वर गेला. आता पुढच्या सर्व्हेला बघू." तो कवा, तर त्यालाबी ठाव न्हाई. भांडावं तरी कुणाशी?

दिवाळीनंतर ऊसतोड सुरू झाली अन् बिबट्या उघडा पडला. एक दिवस सांजच्याला हर्षाली पत्र्यापाशी पाटी घिऊन बसली व्हती. तिच्या डोळ्यांदेखत त्यानं दारात बांधलेली शेळी उचलली. पोरगी किंचाळली न्हाई की रडली न्हाई, तिची वाचाच बसली. ती बोलाय लागली तवा साळुबाईनं तिला वर डोंगरात आश्रमशाळेत नेऊन घातली. जीपमधी बसताना पोरगी आजीचा पदर सोडंना. मीच तिची बोटं सोडवली.

"तितं दाराला कडी हाय, ताई," साळुबाई म्हणली. "मी बघून आले."

परवा पीठ द्यायला गेले. अंगण उखणलेलं, भिंतीची माती गळून कुडाच्या काटक्या उघड्या पडलेल्या. एवढ्या वर्सांत तिचं घर असं कवा बघितलं न्हवतं.

"साळे, सारवलं न्हाईस?"

"कुणासाठी सारवू? कोण येतंय?"

फोटोला पायजे व्हतं अगदी तसं घर झालं व्हतं. मी तितनंच ग्रामसेवकाला फोन लावला. सर्व्हे बंद हाय म्हणला.