कोपराने उघडणारा नळ

मे महिन्यात नागपुरात गरम पाण्याने आंघोळ करणारा माणूस एकतर वेडा असतो नाहीतर आजारी. मी दुसऱ्यांत मोडतो, पण मनीषनगरच्या आमच्या इमारतीत बरेच जण मला पहिल्यांतच धरतात. इथे उन्हाळ्यात लोक पहाटेच बादल्या भरून ठेवतात, कारण दुपारी गच्चीवरच्या टाकीतून येणारं पाणी अंगावर घेववत नाही. ते फुकटचं गरम पाणी माझ्या कामाचं नाही. माझा आमवात पहाटे जागा होतो.

डॉक्टरांनी त्याचं लांबलचक इंग्रजी नाव सांगितलं, शेजारीपाजारी गठिया म्हणतात. नाव काहीही घ्या, सकाळी मिटलेली बोटं उघडत नाहीत. गोळ्या चालू आहेत, त्या त्यांचं काम करतात. पण दिवस सुरू करून देतं ते पाणीच. स्टुलावर बसायचं, सोसेल इतपत गरम पाण्याच्या बादलीत दोन्ही हात सोडायचे आणि पाण्याखाली मूठ हळूहळू उघडत-मिटत राहायचं. थोड्या वेळाने बोटं ऐकू लागतात. मग तांब्या धरता येतो, खांद्यांवर, गुडघ्यांवर पाणी घेता येतं, शर्टाची बटणंही लागतात. कोराडीच्या वीजकेंद्रात मी अख्खी नोकरी बॉयलरवर काढली. तिथे पाण्याची वाफ करत आयुष्य गेलं आणि आता एका बादलीसाठी जीव टाकतो. हसू येतं, रागही येतो.

गोची अशी होती, की बोटं उघडायला गरम पाणी हवं आणि गरम पाण्याचा नळ उघडायला बोटं हवीत. नळ जुना, गोल, पिळायचा. बायको होती तोवर हा प्रश्नच आला नाही. ती गेल्यानंतरच्या हिवाळ्यात एकदा मी त्या नळाला टॉवेल गुंडाळून झटापट केली आणि शेवटी स्टुलावर बसून चक्क रडलो. साधा नळ, पण मला वाटलं, आता आपलं एकट्याचं राहणं संपलं.

खालच्या मजल्यावर माझ्याच वयाचा एक विधुर राहतो, मुलगा-सुनेकडे. मी दुधाची पिशवी दातांनी फोडत असताना त्याने मला पाहिलं आणि नको इतक्या चौकशा करून सगळं काढून घेतलं. दुसऱ्या दिवसापासून तो रोज उजाडता उजाडता वर येऊ लागला. माझ्या बोटांनी कडी उघडायची नाही, म्हणून मी रात्री दार नुसतं लोटून ठेवायचो. "काहून गा, जित्ता आहेस ना?" असं ओरडतच तो आत यायचा. नळ उघडायचा, आधी स्वतःचा हात घालून पाणी बघायचा, आणि माझी आंघोळ होईतो बाहेर खुर्ची टाकून बडबडत बसायचा. संत्र्यांचे भाव, मेट्रोची गर्दी, सुनेच्या पोह्यांवर तर्री नसते याचं दुःख. माझं डोकं उठायचं. "पुरे गा!" मी आतून ओरडायचो, पण त्याच्यावर ढिम्म परिणाम होत नसे.

दिवाळीला मुलगी पुण्याहून आली. तिला हे बघवलं नाही. "बाबा, रोज दुसऱ्याला कशाला त्रास?" म्हणाली आणि प्लंबर बोलावून दवाखान्यात असतो तसला लांब दांड्याचा नळ बसवून गेली. दुसऱ्या सकाळी खालचा शेजारी आला, तेव्हा मी मोठ्या ऐटीत त्याला प्रात्यक्षिक दाखवलं. यंत्रावर आयुष्य घालवलेल्या माणसाची खोड, दुसरं काय.

"बघ, एका कोपरात!"

त्याने दांडा दोनदा वरखाली करून पाहिला. "मस्त आहे गा. आता तुले कोणाची गरज नाही," म्हणाला आणि हसला. मी ती शाबासकी समजलो. त्यानंतर तो आला नाही.

नळ उत्तम चालत होता. मुलगी फोनवर विचारायची, मीही तसंच सांगायचो. पण बादली भरली की घरात दुसरा आवाज उरत नव्हता. पाण्यात हात घालून बसलो की बाहेरची रिकामी खुर्ची दिसायची. मला त्याचा राग आला. काम नसलं तर माणसाने यायचंच नाही का? मी बोलावणार नव्हतो. असे कितीतरी दिवस गेले, आणि मला फार एकटं वाटत होतं.

मग थंडी कडक पडली. एका सकाळी गिझर लावला आणि आंघोळीला बसावंसंच वाटेना. तसाच उठलो, कठड्याला कोपर अडकवत जिना उतरलो. त्याच्याशी भांडायचंच ठरवलं होतं. त्याचं दार उघडंच होतं. दिवा न लावता तो खुर्चीवर बसला होता, आंघोळ केलेला, केस विंचरलेला, स्वेटर घातलेला. पायांत चपलाही होत्या.

"कुठं निघाला गा?" मी विचारलं.

"हळू बोल. पोरं झोपून आहेत." मग म्हणाला, "कुठं नाही. रोज तयार होऊन बसतो. मंग आठवते, तुले आता नळ उघडता येते."

मी भांडायचं सोडून जिन्याकडे वळलो.

"माझं पाणी काढायचं आहे गा अजून," मी म्हणालो.

तो लगेच उठला आणि माझ्या आधी जिन्याला लागला.