धम्मपाल डॉक्टर आणि एकशेनव्वदचा पैलवान

धम्मपाल डॉक्टरची आणि माझी पहिली भेट झाली ती एका कापलेल्या बोटामुळे. नारळ सोलताना कोयता निसटला आणि रक्त थांबेना, म्हणून गावातल्या सरकारी दवाखान्यात गेलो. खुर्चीत एक नवाकोरा पोरगा बसला होता. पांढऱ्या कोटाची घडी अजून मोडायची होती आणि गळ्यातला स्टेथोस्कोप त्यानं सत्कारातल्या हारासारखा जपून घातला होता. मी बोट पुढे केलं. त्यानं बोटाकडे बघितलंसुद्धा नाही. कागद ओढला, पेनचं टोपण काढलं आणि विचारलं, "आपलं शिक्षण किती?"

मग घरात माणसं किती, खोल्या किती, खिडक्या किती, पाणी नळाचं की विहिरीचं, गोठा घरापासून किती लांब, वडील कशानं गेले, आजोबा कशानं गेले. पणजोबांपाशी पोचेपर्यंत माझं रक्त आपोआप थांबलं. तंबाखूच्या प्रश्नापर्यंत खपली धरली. मी आत गेलो तेव्हा रस्त्यानं शाळेला जाणारी पोरं दिसत होती. बाहेर पडलो तेव्हा त्यांची लग्नं होऊन गेली असावीत, असा मला दाट संशय आहे. शेवटी पेन खाली ठेवून तो म्हणाला, "बरं, आपली तक्रार काय?"

मी म्हटलं, "होती. तुमच्या कृपेनं बरी झाली."

त्यानं तेसुद्धा लिहून घेतलं.

हा मुलगा बिद्रीचा. वडील साखर कारखान्यात फिटर. कोल्हापुरात डॉक्टरकीची परीक्षा पास होऊन इंटर्नशिपला लागलेला आणि त्यातले काही महिने खेडं बघायला आमच्याकडे आलेला. खेड्यातच जन्मलेल्या माणसाला खेडं दाखवायला पाठवतात, याचं त्याला काही वाटलं नाही. मोठ्या डॉक्टर वर्षाराणी मॅडम बहुतेक वेळा मीटिंगला असत, त्यामुळे दवाखान्याचं राज्य सिस्टर मीनाबाईंकडे आणि प्रजा म्हणून धम्मपाल, अशी व्यवस्था होती. कॉलेजात त्याला शिकवलं होतं की पेशंटशी आदरानं बोलावं. म्हणून बिद्रीचं पोर आमच्याशी बातम्या दिल्यासारखं बोलायचं. "आपण आहारातील मिठाचे प्रमाण कमी करावे," असं तो म्हणाला, की म्हातारी माणसं मागं वळून बघायची, की पाठीमागं कोण साहेब आलाय.

आता आण्णा. खरं नाव गणपतराव, वय सत्तरीच्या पुढं, कान दोन्ही मोडलेले, मान खांद्यात गेलेली. एकेकाळी पंचक्रोशीतले पैलवान. तालमीच्या कट्ट्याच्या एका टोकाला आण्णा बसायचे आणि दुसऱ्या टोकाला हंबीरराव. दोघांची तरुणपणी एक कुस्ती झाली होती आणि पंचांनी ती बरोबरीत सोडवली. ते पंच केव्हाच वारले, पण त्यांना शिव्या अजून रोज मिळतात. तेव्हापासून दोघं प्रत्येक गोष्टीत निकाल लावायच्या मागे असतात. कुणाची म्हैस जास्त दूध देते, कुणाचा नातू जास्त शिकला, कुणाच्या घरी जास्त पावणे जेवले.

एक दिवस आण्णा गुडघ्यासाठी मलम मागायला दवाखान्यात आले. धम्मपालनं सवयीनं दंडाला पट्टा बांधला, हवा भरली, सोडली. पुन्हा भरली. त्याचा चेहरा पांढऱ्या कोटाच्या रंगाचा झाला.

"आण्णा, आपला रक्तदाब फार वाढलेला आहे. वरचा आकडा एकशेनव्वद आहे."

आण्णांच्या मिश्या हळूहळू वर गेल्या. "एकशेनव्वद?"

"होय."

"आन् हंबीररावाचा किती?"

"ते मला सांगता येणार नाही. पेशंटची माहिती गुप्त असते."

"दीडशे," मीनाबाई कपाटातून मलम काढता काढता म्हणाल्या.

बस. मलम तिथंच राहिलं. आण्णा कट्ट्यावर आले ते मैदान मारून आल्यासारखे. "एकशेनव्वद! ह्या वयात! डाक्टर घाबरला की! दोनदा मोजला त्येनं. आन् ते एक बघा, तिकडं कोपऱ्यात बसलंय, दीडशेवालं."

हंबीरराव उठून घरी गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी लोणच्याच्या फोडी खाऊन, विहिरीला दोन चकरा मारून, धापा टाकत दवाखान्यात हजर. "मोज," म्हणाले. एकशेसाठ भरला. "परत मोज. पट्टा घट्ट बांध की जरा."

पुढच्या आठवड्यात दवाखान्यासमोर गावातल्या समस्त म्हाताऱ्यांची रांग लागली. धम्मपालला वाटलं, आपली जनजागृती फळाला आली. त्यानं रांगेचा फोटो कॉलेजच्या ग्रुपवर टाकला. सरांनी त्याला 'उत्तम लोकसहभाग' असं उत्तर पाठवलं. इकडे कट्ट्यावर रोज निकाल जाहीर होत होता. बाळासो न्हाव्याचा एकशेदहा भरला, तर लोकांनी त्याच्या बायकोची चौकशी केली, की घरात काय खायला घालत न्हाईस काय गं त्याला? मीही गर्दीत घुसून मोजून घेतला. एकशेवीस. धम्मपाल म्हणाला, "अभिनंदन." त्या दिवसापासून कट्ट्यावर मला कुणी बूड टेकायला जागा दिली नाही.

गोळ्या सगळे घेऊन जायचे. खात कुणी नव्हतं. हे धम्मपालला कळलं ते आण्णांच्या खिशातून पाकिटं जमिनीवर सांडली तेव्हा. एकही गोळी फोडलेली नव्हती.

"आण्णा, आपण औषध घेतलेलं नाही?"

"घेतलं तर आकडा उतरंल की, डाक्टर. लई कष्टानं चढवलाय."

मी तिथंच होतो. खपली पुन्हा निघाली होती, तेवढंच निमित्त. पोरगं आधी हसलं. मग उठलं. त्यानं सरकारी पोस्टर काढलं, हृदयाचं चित्र दाखवलं, लाल नळ्या दाखवल्या, मिठाच्या चमच्यावर फुली दाखवली. आण्णा चित्राकडे बघून म्हणाले, "रंग चांगला दिलाय." आणि उठायला लागले.

तेव्हा धम्मपालच्या तोंडची बातम्यांची भाषा संपली. टेबलावर हात आपटून तो ओरडला, "बसा खाली! सांगतोय ते ऐका! ह्यो आकडा तुमचा न्हाय, आण्णा. तुमच्या विरुद्धच्या गड्याचा हाय. त्यो तुमच्या छाताडावर बसलाय आन् त्याला किती गुण मिळालं, ते ह्यो काटा सांगतोय!"

आण्णा बसले. "कोण गडी?"

"बीपी. माझ्या आज्याला त्यानंच पाडला. दात घासत उभा हुता घरामागच्या परड्यात, आन् एका अंगानं खाली आला. पुढं चार वर्सं खाटंवर. पाणी चमच्यानं पाजायला लागायचं. त्यो पण तुमच्यागतच म्हणायचा, मला काय धाड भरलीया."

 आण्णांनी त्या पट्ट्याकडे बघितलं.

"म्हंजे मी खाली हाय?"

"व्हय."

"आन् हंबीऱ्या?"

धम्मपालनं एक क्षण विचार केला. पेशंटची माहिती गुप्त असते. मग म्हणाला, "हंबीररावांची पाठ अजून टेकल्याली न्हाय."

आण्णांनी खाली सांडलेली पाकिटं स्वतः वाकून गोळा केली, एक गोळी तिथंच फोडली आणि मीनाबाईंच्या तांब्यातलं पाणी प्यायले.

त्यानंतर कट्ट्याचा कायदा उलटा फिरला. आता ज्याचा आकडा कमी, तो वर. आण्णांनी लोणचं सोडलं, हंबीररावांनी पापड सोडला. आण्णा पहाटे फिरायला लागले, की हंबीरराव त्यांच्या आधी परतताना दिसायचे. बाजारच्या दिवशी दोघांना एका बाकावर बसवून पट्टा बांधला जायचा, मीनाबाई आकडा मोठ्यानं सांगायच्या आणि पोरं टाळ्या वाजवायची. माहिती गुप्त ठेवण्याबद्दल धम्मपालनं पुन्हा तोंड उघडलं नाही. माझ्या एकशेवीसला एकदम भाव आला. मला मधोमध बसवायला लागले.

धम्मपालची मुदत संपली तेव्हा आण्णांचा आकडा एकशेचाळीस होता, हंबीररावांचा एकशेअडतीस. आण्णा म्हणाले, मशीन त्याच्या बाजूचं हाय. निरोपाला दोघांनी दोन वेगळे फेटे आणले आणि पोराच्या एकाच डोक्यावर ते एकावर एक बांधले. त्यात त्याला ऐकू येईना, त्यामुळे भाषणं फार सुसह्य झाली. मी नारळ दिला. सोलून दिला. जाताना तो आण्णांचा हात धरून म्हणाला, "गोळी बंद करायची न्हाय. बरं वाटलं तरी न्हाय." आण्णा म्हणाले, "हंबीऱ्या हाय तवर कशाला बंद करतोय?"

पोरानं ते हसण्यावारी नेलं. आम्हीही नेलं.

धम्मपाल सध्या पुण्याला त्वचारोगाचं शिकतोय. अधूनमधून त्याचा फोन येतो आणि पहिला प्रश्न आण्णांच्या गोळीचा असतो. मी म्हणतो, तू ये एकदा.

हंबीरराव दिवाळीनंतर उचगावला लेकीकडं कायमचे राहायला गेले. आण्णांनी त्याच आठवड्यात गोळी बंद केली.