केळ्याचा मुकुट आणि मावशीचा हलवा

रविवार, १८ जानेवारी, दुपारी चार वाजून वीस मिनिटांनी माझ्या दहा महिन्यांच्या भाच्याने आपल्या उजव्या मनगटातले कडे खाल्ले. डावे कडे, हार आणि मुकुट यांचे पुढे काय झाले, हे सांगण्यापूर्वी एक गोष्ट स्पष्ट करणे आवश्यक आहे. हे सर्व दागिने मीच केले होते, पूर्ण शुद्धीत केले होते, आणि त्यांत वात्सल्यापेक्षा मत्सराचे प्रमाण अधिक होते.

मत्सर केतकीचा. केतकी ही माझ्या वहिनीची धाकटी बहीण, म्हणजे आमच्या गुल्लूची मावशी. ती राहते फोपनार गावी, शहरातल्या आमच्या बुधवारा मोहल्ल्यात येते महिन्यातून एकदा, स्कूटीवरून, आणि दारातूनच "गुल्लूऽऽ" अशी हाक मारते. तेवढ्यावर हा इसम (माझ्याच घरात, माझ्या शेजारच्या खोलीत राहणारा!) दोन्ही हात पसरून तिच्याकडे झेपावतो. मी घेतले की रडतो. मी रोज घेते, तो रोज रडतो. नमुना इतका मोठा झाला होता, की निष्कर्षाला आव्हान देणे माझ्या शिक्षणात बसत नव्हते.

"अगं, तू त्याला घेतेस की तपासतेस?" दादा विचारायचा.

भाषेनेही या प्रकरणात उघड पक्षपात केला आहे. मावशीसाठी 'माय मरो पण मावशी जगो' अशी कृतज्ञ म्हण! आणि आत्याच्या वाट्याला काय? तर तिला मिशा असत्या तर काका म्हटले असते, एवढेच संशोधन!

अशा परिस्थितीत गुल्लूची पहिली संक्रांत आली. पहिली संक्रांत म्हणजे बोरन्हाण. बाळाला काळे झबले आणि हलव्याचे दागिने घालून पाटावर बसवायचे, डोक्यावरून बोरे, कुरमुरे, तीळ, उसाचे करवे ओतायचे, आणि खाली पडलेला खाऊ जमलेल्या पोरांनी लुटायचा. केतकीने फोनवरच घोषणा केली, "हलव्याचे दागिने मी करणार हं, बाकी कुणी हात नाही लावायचा! मुकुट, हार, कडी, बासरी. डिझाइन भी फायनल हो गया!"

फोन स्पीकरवर होता. आईचा चेहरा उजळला. "गुणाची पोर आहे," ती म्हणाली. "एमएस्सी नाही केलं, पण हातात कला आहे."

(त्या वाक्यातला 'पण' माझ्या थेट काळजात शिरला.)

"साखरेचे काटेरी दाणे बाळाच्या त्वचेला टोचतात," मी शांतपणे म्हणाले. "शिवाय तोंडात गेले तर घशात अडकतात. दागिने मी करीन. फळांचे. फ्रीझ-ड्राय केलेल्या!"

मी केळी-प्रक्रियेच्या एका कारखान्यात फूड टेक्नॉलॉजिस्ट आहे. तिथल्या प्रयोगशाळेने मोडीत काढलेले एक छोटे फ्रीझ-ड्रायर मी घरी आणून जिन्याखाली बसवले आहे. (दादाची मोटरसायकल तेव्हापासून रस्त्यावर झोपते.) तत्त्व सोपे आहे. फळांच्या चकत्या गोठवून दगडासारख्या करायच्या, मग भोवतालची हवा काढून घ्यायची. फळातल्या बर्फाचे पाणी न होता थेट वाफ होते आणि निघून जाते. आकार, रंग, चव जागच्या जागी राहतात. हवाबंद ठेवले तर असे फळ वर्षानुवर्षे टिकते, आणि जिभेवर ठेवले तर क्षणात विरघळते. बाळाच्या दागिन्यांसाठी याहून सुरक्षित पदार्थ पृथ्वीवर नाही, असे मी घरातल्या प्रत्येकाला एकेकदा आणि आईला तीनदा सांगितले.

आईने एक चकती तळहातावर घेऊन पाहिली. "वजनच नाही वं याला! म्हंजी हे केळ्याचं भूत झालं."

"भूत नाही, आई. याची संरचना शाबूत असते."

"भुताचीबी असते."

केळी आली होती वहिनीच्या माहेराहून, म्हणजे केतकीच्याच वडिलांच्या मळ्यातून. शत्रूच्या शेतातून दारूगोळा मिळवल्याचे एक वेगळेच समाधान मला लाभले. पंप दीड दिवस पिठाच्या गिरणीसारखा घरघरत होता. मग मी सुई-दोरा घेऊन बसले. केळ्याच्या चकत्यांचा मुकुट, स्ट्रॉबेरीचा हार, चिकूची कडी. या चकत्या सुईला इतक्या घाबरतात, की तीनातली एक फुटतेच. फुटलेल्या दादा खात होता. "पिंकी, भारी लागतं हे! अजून तोड ना थोड्या."

तयारीत मी कसूर ठेवली नाही. जानेवारीतली आमची हवा कोरडी. तरी मी आर्द्रता मोजली. दागिने ओलावा शोषणाऱ्या पुड्यांसह हवाबंद डब्यात ठेवले. मुकुटाचे वजन भरले अडतीस ग्रॅम. (केतकी आल्यावर ती चहा पीत असताना तिच्याही मुकुटाचे वजन मी गुपचूप केले. दोनशे दहा!)

दुर्दैवाने तिचे दागिने सुंदर होते. मुकुटावर हलव्याचा मोर होता. मोराला डोळा होता. मी भिंग घेऊन दोष शोधला, सापडला नाही.

"आता कुणाचे घालायचे?" वहिनीने विचारले. खोलीत बुधवाऱ्यातल्या पंधरा-वीस बायका हळदीकुंकवाला जमल्या होत्या आणि सगळ्या माझ्याकडे न पाहता मोराकडे पाहत होत्या.

"मावशीनं इतक्या हौसेनं आणलेत..." आई म्हणाली.

केतकीने हार घातला. आणि गुल्लूने भोकाड पसरले! हलवा टोचला होता. माझ्या मनात शास्त्राचा जयजयकार झाला. चेहऱ्यावर मात्र मी चिंता आणली आणि डबा उघडला. मुकुट, हार, कडी, सगळे माझे! गुल्लू गप्प झाला. बायका म्हणाल्या, "अय्या, किती गोड!" माझ्या आयुष्यातला तो सर्वोच्च क्षण.

"पिंकीताई, कसलं भारी केलंय तुम्ही! मला शिकवाल?" केतकी म्हणाली.

(तिचा हा चांगुलपणा मला असह्य होतो. माणसाने निदान थोडा तरी जळफळाट दाखवावा! सगळा मी एकटीनेच किती करायचा?)

गुल्लू गप्प का झाला, हे मात्र मी तपासले नाही. ओलाव्याचे सर्व स्रोत मी विचारात घेतले होते. खुद्द उत्सवमूर्ती राहिली होती. त्याला दात येत होते. लाळ अखंड गळत होती. हनुवटीखाली हार नरम पडला, उजवे कडे तोंडात गेले, आणि आपण नखशिखान्त खाऊ पांघरून बसलो आहोत, हा शोध त्याला लागला. डावे कडेही गेले.

एवढ्यावर भागले असते. पण शेजारच्या सुलभाकाकू गुलाबदाणी घेऊन उठल्या. "अवं, गुलाबपाणी राहिलंच की! पहिला मान बाळाले!"

"काकू, नको! पाणी नको!" मी ओरडले.

"एवढ्याशा पाण्यानं काय होते वं?"

जे पाणी काढायला माझ्या यंत्राला दीड दिवस लागला होता, ते परत आत जायला काकूंचे तीन झटके पुरले. मुकुटाने मान टाकली. केळे कपाळावरून भुवयांवर, भुवयांवरून गालांवर उतरू लागले. हारातली स्ट्रॉबेरी लालभडक ओघळली.

"रगत!" आई किंचाळली. "अवं, पोराले लागलं!"

"स्ट्रॉबेरी आहे! स्ट्रॉबेरी!"

"मेरे को तो खूनच वाटला बाई," सुलभाकाकू म्हणाल्या, आणि खात्री करण्यासाठी उरलेली सगळी गुलाबदाणी त्यांनी तिथेच रिकामी केली.

आईच्या हातात बोरन्हाणाचे पातेले होते. घाबरून ते निसटले, आणि सगळा खाऊ एकदम गुल्लूवर कोसळला. बोरे घरंगळून गेली. कुरमुरे गेले नाहीत. तीळ गेले नाहीत. केळ्याच्या लगद्यावर ते असे बसले, की पाटावर भाचा दिसेना. डोळे असलेली भेळ दिसू लागली. लुटीसाठी टपून बसलेली पोरे क्षणभर गोंधळली. जमिनीवर माल नव्हता. मग त्यांनी परंपरेला जागून थेट गुल्लूवरूनच लूट सुरू केली!

"अरे पोट्ट्यांनो, माझ्या लेकराला खाऊ नका रे!" वहिनी ओरडली.

दादा मोबाइलवर चित्रीकरण करत होता. "हटो हटो, फ्रेम में मत आओ!"

आता गुल्लू रडला. त्याने हात पसरले, अर्थातच केतकीकडे. केतकी पुढे झाली. तिने एकदा बाळाकडे पाहिले, एकदा आपल्या कोऱ्या काळ्या चंद्रकळेकडे पाहिले, आणि थबकली. अर्धाच क्षण. पण तो मी पाहिला!

मी झेप घेऊन भेळेसकट गुल्लूला उचलले. माझ्याही अंगावर नवीच साडी होती, पण विज्ञानात त्याग करावा लागतो. त्याने तोंड माझ्या गालावर घासले. गालाला केळे लागले. त्याने ते चाटले. आणि त्याचे रडणे थांबले!

"बघा, बघा, आत्याचा लळा!" बायका म्हणाल्या. आईने पदराने डोळे टिपले.

"केतू, आज तर हा तुझ्याकडे बघत पण नाही," वहिनी हसली. केतकी हसली नाही. तिच्या चेहऱ्यावरून काहीतरी सरकून गेले, आणि त्या भावनेचे नाव मला फार चांगले ठाऊक होते! सवयीने मी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिले आणि मोजणी सुरू केली.

त्याने माझा उजवा गाल साफ केला. मग डावा. मग हनुवटी. मग मान मागे घेऊन, रिकाम्या ताटलीकडे पाहावे तसे माझ्याकडे पाहिले, आणि दोन्ही हात पसरून केतकीकडे झेपावला. तिने तोवर चंद्रकळेवर टॉवेल गुंडाळून घेतला होता.

आत्याच्या कडेवर गुल्लूने न रडता काढलेला वेळ, केळे संपेपर्यंत: अकरा मिनिटे.