भिंगरीचे लिहिणे

माझ्या धाकट्या दिरांची मुलगी बोलायला लागली तेव्हापासूनच एका वाक्याचे शेपूट धरून दुसरे वाक्य तिच्या तोंडातून बाहेर पडायचे. ती चालायची नाही, धावायची. तिच्या वडिलांनी तिला भिंगरी म्हणायला सुरुवात केली आणि दाखल्यावरचे नाव घरात पुन्हा कुणी उच्चारले नाही. आज भिंगरीच्या केसांत पांढरे डोकावते आहे, ती फिजिओथेरपिस्ट आहे, ऑपरेशन झालेले गुडघे आणि खुबे ती चालते करते. तरी भिंगरी ती भिंगरीच.

कामात ती किती काटेकोर आहे हे मी रोज बघते, कारण तिचा दवाखाना आमच्याच घराच्या रस्त्याकडच्या खोलीत आहे. माझे यजमान गेल्यावर ती खोली रिकामी होती. भिंगरीने मोठ्या हॉस्पिटलातली नोकरी सोडली. "तिथं माणसाला नंबरानं हाक मारतात, काकू!" म्हणाली, आणि एक उंच पलंग, दोन रबरी चेंडू, एक सतरंजी घेऊन इथे आली. कोन मोजायची तिची प्लास्टिकची पट्टी आहे. गुडघा किती वाकतो हे ती अंदाजाने कधीच सांगत नाही. व्यायाम समजावून झाला की पेशंटला ती लगेच घरीही जाऊ देत नाही.

"आता करून दाखवा."

"कळलं हो, ताई."

"तुम्हाला कळलं ते मला कसं कळणार? करून दाखवा."

चुकला की पुन्हा. न कुरकुरता, न रागावता, पुन्हा.

अशी ही बाई लिहायला बसली की माझे डोके उठते. बसते तरी कुठे? एक हात पेशंटच्या घोट्यावर आणि दुसऱ्या हाताचा अंगठा फोनवर. इंटरनेटवर तिचे स्वतःचे पान आहे. लांबच्या पेशंटांनी घरी काय करायचे ते ती त्यावर लिहिते. तिथे पूर्णविराम शोधावा लागतो. वाक्य 'तुम्ही'ने सुरू होते आणि 'तो'वर संपते. क्रियापद मध्येच आज्ञा देते, मध्येच कालची हकिगत सांगते. मी कॉन्व्हेंटमध्ये शिकले. अर्धे वाक्य लिहून वही पुढे केली तर आमच्या सिस्टर ती न बोलता परत सरकवायच्या. वाक्य पुरे होईपर्यंत त्या पुढच्या मुलीकडे वळायच्या. भिंगरीचे पान वाचताना मला घासात खडा लागल्यासारखे होते.

"भिंगरे, हे लिहिल्यावर तू पुन्हा वाचलंस का?"

"वाचायचं काय त्यात? मीच तर लिहिलंय."

"म्हणूनच विचारते."

"काकू, आता सगळे असंच लिहितात. लोकांना भाव कळतो."

"गुडघ्याला कळतो का भाव?"

ती हसली, माझ्या गालाला हात लावला आणि पुढच्या पेशंटकडे पळाली. हिच्यापुढे बोलायचे म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी.

मग पलीकडच्या चौकात काचेच्या भिंतींचे एक व्यायाम केंद्र निघाले. दुपारचा आमचा उंच पलंग रिकामा राहू लागला. भिंगरी वरून हसायची, पण तिची पुसून झालेली उपकरणे पुन्हा पुसायची सवय मला दिसत होती. आता सगळी भिस्त एका सर्जनवर होती. त्यांचे पेशंट लांबलांबून येत, ऑपरेशन झाले की घरी परतत. पेशंटना दोनदा तपासून, पुढचे पानावरून सांभाळेल असे माणूस सर्जनना हवे होते. त्यांनी भिंगरीचे नाव ऐकले होते. "तुमचं पान बघून कळवतो," म्हणाले होते. त्यांचे पेशंट मिळाले तर दवाखाना तरणार होता. नाही तर भिंगरीला पुन्हा त्या नंबरांच्या हॉस्पिटलात जावे लागणार होते.

त्यांचा फोन आला तेव्हा भिंगरीच्या हाताला तेल लागलेले होते, म्हणून तिने स्पीकर लावला. मी दारात उभी होते.

"तुमचा हात चांगला आहे, हे मी चार जणांकडून ऐकलंय," सर्जन म्हणाले. "पण माझे पेशंट घरी गेल्यावर तुमचा हात त्यांच्याबरोबर नसेल. तुमचं लिखाण असेल. मी ते वाचलं. कुणी काय करायचं तेच मला समजेना. लिहिणाऱ्यानं एकदाही मागे वळून बघितलेलं दिसत नाही. ऑपरेशन मी केलेलं असतं हो, मला भीती वाटते. माफ करा."

फोन बंद झाला. भिंगरीचा चेहरा आधी पडला, मग लाल झाला.

"मी काय निबंध स्पर्धेला उतरलेय? इतकी वर्षं माणसं चालवतेय मी! ऱ्हस्व-दीर्घावरून माझी लायकी काढणार?"

"ऱ्हस्व-दीर्घाबद्दल ते चकार शब्द बोलले नाहीत."

"तूपण त्यांच्याच बाजूची!"

"मी गुडघ्याच्या बाजूची आहे."

"ज्याला करायचं त्याला बरोबर कळतं, काकू. न कळण्यासारखं काय आहे त्यात?"

आता मात्र माझा संयम संपला. हिला वर्षानुवर्षे तोंडाने सांगून काय उपयोग झाला होता? मी चष्मा लावला, पदर खोचला आणि म्हटले, "सतरंजी अंथर, उशी दे."

"कशाला?"

"तुझा पेशंट आलाय. मी. आणि तू मध्ये बोलायचं नाहीस. घरी तू नसतेस."

तिच्या फोनवर गुडघ्याच्या ऑपरेशननंतरचा पहिला व्यायाम उघडला. त्यात लिहिले होते, जसेच्या तसे: 'पाठीवर झोपा गुडघा वाकवून टाच आत आणा दुसरा सरळ ठेवून उचलायचा मग दाबून धरतो आणि सोडा हळू तो दुखत असेल तर करू नये उशी खाली'.

मी पाठीवर झोपले. गुडघा वाकवला. कुठला ते लिहिलेले नव्हते, म्हणून उजवा. टाच आत आणली. दुसरा, म्हणजे डावा, सरळ ठेवून उचलला. 'मग दाबून धरतो.' कोण धरतो? घरी दुसरे कुणी नसते, म्हणून मीच दोन्ही हातांनी तो उचललेला पाय धरून खाली दाबू लागले. 'उशी खाली' होती, म्हणून मानेने उशी सरकवत मी ती पाठीखाली ओढून घेतली. सतरंजीवर उलटे पडलेले झुरळ माझ्यापेक्षा बरे दिसले असते.

"अगं, तो पाय नाही! काकू! उशी टाचेखाली! आणि दाबायचं गुडघ्यानं, हातानं कोण दाबतं!"

"तू लिहिलंस तसंच करतेय."

"सोड, सोड आधी! दुखावशील!"

"अजून 'सोडा' आलेलं नाही. म्हणजे आलंय, पण 'हळू' त्याचं की पुढच्याचं ते बघतेय."

तिने मला धरून उठवले. माझ्या जागी तिला कोण दिसले, हे विचारायची गरज नव्हती. परगावच्या घरात, ताज्या टाक्यांचा पाय घेऊन, तिचे पान समोर धरून बसलेले कुणीतरी.

"मी समोर असते तेव्हा चूक मला दिसते," ती हळूच म्हणाली. "तिकडे कोण बघणार?"

"तिकडे वाक्यानंच बघायचं असतं."

त्या दिवशी भिंगरी खुर्चीत बसून लिहू लागली. पण सोपे काही तिच्या नशिबात नाही आणि माझ्याही. पहिला मसुदा तिने अभिमानाने पुढे केला: 'रुग्णाने आपला शस्त्रक्रियाग्रस्त अधोअवयव सावकाश आकुंचित करावा.'

"हे कोण बोलतंय? सरकारी नोटीस?"

"तूच म्हणालीस ना, शुद्ध लिही!"

"अगं बाई, शुद्ध म्हणजे जड नव्हे! तू तोंडानं किती छान सांगतेस. तेच लिही. फक्त वाक्य संपलं की संपव. कुणाला सांगतेयस ते मध्येच बदलू नकोस. कुठला पाय ते आधी सांग."

मग आम्ही भांडत भांडत लिहिले. ती लिहायची, मी सतरंजीवर आडवी व्हायचे. माझा पाय चुकला की ती वाक्य दुरुस्त करायची आणि पाय बरोबर उचलला गेला की पुढच्याकडे जायची. एका स्वल्पविरामावरून तिने माझ्याशी असा वाद घातला, की वडिलोपार्जित जमिनीवरून भाऊ घालणार नाहीत. संध्याकाळपर्यंत माझी कंबर बोलायला लागली होती, पण पहिल्या आठवड्याचे सगळे व्यायाम स्वच्छ उतरले होते: 'पाठीवर झोपा. ऑपरेशन झालेल्या पायाच्या टाचेखाली उशी ठेवा. आता गुडघ्याचा मागचा भाग खाली दाबा.' वाचताना जीभ कुठे अडत नव्हती.

भिंगरीने सर्जनना फोन लावला. एकदा पुन्हा बघा, म्हणाली.

"माझ्या वडिलांच्या गुडघ्याचं ऑपरेशन नुकतंच झालंय," ते म्हणाले. "त्यांना वाचायला देतो. मी बाजूला बसेन, पण बोलणार नाही. तुम्हीही फोन करायचा नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी भिंगरीने तीनदा फोन उचलला आणि तीनदा मी तो तिच्या हातातून काढून घेतला. दहावीच्या निकालाची वाट बघत लेकरू बसावे तशी ती पलंगाच्या कडेवर बसून होती. अखेर सर्जनचाच फोन आला.

"बाबांनी सगळं बरोबर केलं," ते म्हणाले. "एकदाही मला विचारलं नाही. पण..."

मागून एका म्हाताऱ्या माणसाचा आवाज आला, "अरे, तिला विचार ना, थांबू का आता? पाय भरून आला माझा!"

"थांबायचं कधी, ते तुम्ही लिहिलेलं नाही," सर्जन म्हणाले. "शेवटी मीच थांबा म्हटलं, तरी ऐकत नाहीत. लिहिलं नाही तोवर थांबणार नाही म्हणतात."

भिंगरीने माझ्याकडे वळून बघितले. "काकू! तुझ्या लक्षात नाही आलं?"

"मी दमले की थांबत होते," मी म्हटले. अंगाचा नुसता तिळपापड झाला माझा. एवढे स्वल्पविराम चाळणीतून काढले आणि ही एवढी मोठी धोंड दिसली नाही.

"तेवढं लिहा," सर्जन म्हणाले. आता त्यांच्या आवाजात हसू होते. "बाकी वाचून मला आता निवांत झोप लागेल. सोमवारी दोन पेशंट पाठवतोय. त्यांना हेच पान द्या."

भिंगरीने लिहिले: 'असे दहा वेळा करा. मग पाय खाली ठेवा आणि विश्रांती घ्या.' लिहून तिने ते वाचले. मग ओठ हलवत पुन्हा वाचले आणि फोन माझ्या हातात दिला. त्यात चूक काढण्यासारखे काहीही नव्हते, हे मला पहिल्या नजरेतच दिसले होते. तरी मी चष्मा पुसला आणि सावकाश वाचत बसले. इतकी वर्षे तिने माझा जीव काढला होता. तिला तेवढे तरी ताटकळत ठेवायलाच हवे होते.